हिडकलच्या पाण्यातल्या सहा बादल्या, आठ महिन्यांनी

फेब्रुवारीच्या शेवटी हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला सहा घरगुती अट्रॅक्टर (मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात ठेवायचा आडोसा) ठेवून आलोय असं मागं लिहिलं होतं, पुढं काय झालं म्हणून दोघातिघांनी विचारलं, तर गेल्या रविवारी एकदाचा मुहूर्त लागला. सहापैकी चार घावले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली, तिच्यात अर्ध्यापर्यंत काँक्रीट, आणि ते ओलं असतानाच सामान खोचायचं. दोन बादल्यांत वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोनात बांबू, दोनात तुरकाट्यांच्या पेंढ्या बाइंडिंग वायरनं आवळून. जागा जाळेवाल्यांना विचारूनच ठरवली, त्यांचं जाळं आपल्या बादलीत अडकून फाटलं तर शिव्या आपल्यालाच आणि त्या बरोबरच की. त्यांनी एक दगडाळ पट्टा दाखवला, इथं आम्ही जाळं लावतच नाही म्हणाले.

एक युक्ती लई कामाला आली. सगळ्या बादल्या त्या दिवशीच्या पाण्याच्या अगदी काठाला ठेवल्या होत्या. धरणाची पातळी पेपरात येतेच (पूर्ण भरलं की २१७५ फूट), ठेवल्या दिवशीची वहीत लिहून ठेवली आणि शोधायला निघायच्या दिवशीची बघून वजाबाकी केली, आलं २५ फूट. म्हणजे फिशफाइंडरच्या (आवाजाच्या लाटांनी खोली, तळ आणि मासे दाखवणारं मशीन, म्हणजेच सोनार) स्क्रीनवर खोली १५ नाहीतर ४० दिसालंय तिथं वेळ घालवायचाच नाही, २५ च्या रेषेवरनंच होडी न्यायची. निम्मं काम इथंच झालं.

उरलेल्या निम्म्याची वाट मी स्वतः लावली. फोनवर जीपीएसचे आकडे घेतले होते ते नुसत्या डिग्रीत, १६.१४ आणि पुढचे, आणि फिशफाइंडरला (गार्मिन स्ट्रायकर ४ आहे) डिग्री-मिनिट लागतंय. मी १६.१४ चं सरळ १६ डिग्री १४ मिनिट करून टाकलं. खरं तर दशांशाला साठनं गुणायचं असतं, १६ डिग्री ८.४ मिनिट होतात. मार्क दहा किलोमीटर उत्तरेला, आणि रेखांशालाही तोच घोळ घातल्यानं भलतीकडंच. होडीत बसून बघतोय तर बाण गावाकडं! होडी वल्हवणारे मामा वल्हं सोडून हसालेत. आकडे पहिल्यापासून भरले, पाऊण तास तिथं गेला.

आकडे बरोबर असले तरी जीपीएस दहाएक फुटाची चूक करतंच, फोनची वेगळी आणि मशीनची वेगळी. म्हणून ४५ अंशाचा रुंद बीम (मशीन खाली सोडतंय तो आवाजाचा झोत) लावला, २५ फुटात तो तळाचं वीसेक फूट दाखवतो, आणि पंधरा-पंधरा फुटावर नांगरटीच्या तासासारख्या फेऱ्या मारल्या. काही दिसलं की मग १५ अंशाचा बारीक बीम, तो तिथं साडेसहा फूटच बघतो. आणि हे विसरू नका, स्क्रीनवर फक्त उजवीकडची शेवटची रेघ आत्ताची असते, बाकी सगळं मागं पडलेलं. बादली डावीकडं सरकेपर्यंत बघत बसलात तर होडी पुढं गेलेली असते. दोरी आणि दगड बांधलेली रिकामी बाटली हातातच ठेवली होती, दिसलं की टाकायची.

फिश सिंबल (मशीन आपणच माशाचं चित्र काढतंय ती सोय) मात्र आधी बंद करा. चालू ठेवलं तर काटकीला पण मासा म्हणतंय, पहिल्या फेरीत एवढे मासे दिसले की सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला एवढी गर्दी नसेल.

आता कोण कसं दिसलं. पीव्हीसीच्या दोन्ही बादल्या तळातनं वर आलेल्या फिकट खुंट्यासारख्या, पाइपात पाणी भरलेलं असतंय म्हणून असणार. तुरकाट्या ऑटो सेन्सिटिव्हिटीवर (किती बारीक प्रतिध्वनी दाखवायचा हे मशीनवर सोडलं की) दिसल्याच नाहीत, हातानं वाढवली तेव्हा धुरकट ठिपका आला. आणि बांबू! एकदम भडक, तळाच्या दगडापेक्षाही भडक, कारण पेरात हवा कोंडलेली असते आणि सोनारला पाण्यातल्या हवेएवढं ठळक काही दिसत नाही, स्क्रीनवर माशाची कमान उठते ती पण त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळंच. मधे एकदा मामांनी "इल्ले ऐती नोड्री" (इथंच आहे बघा) म्हणून ठामपणे बोट दाखवलं, तिथं दगड निघाला.

न घावलेल्या दोनपैकी एकीचं कारण माहीत आहे. एप्रिलमध्ये पाणी उतरलं होतं तेव्हा चक्कर मारली तर तुरकाट्या गायब, कुणाच्या तरी चुलीत गेल्या, नुसती बादली उभी. तेवढीशी बादली दगडाळ तळावर काय वेगळी दिसणार. दुसरी बांबूची. बंद बांबू वर ओढतोय, अर्ध्या बादलीचं वजन पाण्यात आणखी कमी होतंय, पावसाळ्याच्या ओढीला सरकत गेली असणार. चूक माझीच.

घावलेल्या बांबूवर १८ ते २० फुटात कमानी होत्या. गांडूळ लावून तीन चिलापी मिळाल्या, तळहाताएवढ्या. तुरकाट्यांवर काहीच नाही, पीव्हीसीवर एकदा टोचलं आणि सुटलं. (हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ सोनारवर बघितलंस काय म्हणून एकानं विचारलंय. नाही, त्या बाजूला गेलोच नाही, पाणी उतरलं की ते उघड्यावरच दिसतंय.)

येत्या फेब्रुवारीला बादली काठोकाठ भरणार आणि बांबूच्या प्रत्येक पेराला ड्रिलनं भोक पाडणार, फक्त शेंड्याचं एक पेर बंद ठेवणार, स्क्रीनवर पत्ता लागायला.