टोपडं

परवा आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तीन नव्या नर्स मुली आल्या. व्हेंटिलेटरचे अलार्म, ड्रिपचा रेट, सगळं पाठ. मी विचारलं, "बाळ वाचणार नाही असं ठरलं, तर आपली ड्युटी काय?" एक म्हणाली, "डेथ फॉर्म आणि बॉडी पॅक करणं." तिला काय बोलणार? अठरा वर्षांपूर्वी मीही तेवढंच शिकून आले होते.

ड्युटीवर मी सांभाळलेलं पहिलं असं बाळ अनेनसेफलीचं. कवटीचा वरचा भागच बनलेला नसतो. अशी बाळं काही तास, फार तर काही दिवस जगतात. मी त्याला वॉर्मरवर ठेवलं, पायाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला आणि आकडा घसरला की धावायला लागले. मोठ्या सिस्टर आल्या, त्यांनी प्रोब काढून ठेवला. "आकडा बघून काय करणारेस? आई कुठंय?"

आई दुसऱ्या मजल्यावर, सिझरचे टाके ओले. वॉर्डातल्या मामांनी व्हीलचेअरवरून आणली. सिस्टरनी बाळाच्या डोक्याला ओलं गॉज लावलं आणि आजीच्या पिशवीतलं टोपडं भुवयांपर्यंत ओढलं. मग आईच्या उघड्या छातीवर दिलं. "नाक माझ्यावर गेलंय," ती म्हणाली. सात तास होतं ते तिच्याकडे. तेव्हापासून माझ्या लॉकरमध्ये टोपडी असतात. सहाशे ग्रॅमच्या बाळाला मोसंबीवर बसेल एवढं पुरतं. सासूबाई विणून देतात.

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी शिकले. वेदना मोजायला निप्स नावाचं कोष्टक आहे: चेहरा, रडणं, श्वास, हात, पाय, जाग, गुण 0 ते 7. तीनच्या वर गेलं की डॉक्टरांना उठवायचं, रात्रीचे तीन वाजले असले तरी. पण फार थकलेल्या बाळाला रडायचंही बळ नसतं, तिथं कोष्टक फसतं. मुलींना म्हणते, कपाळाची आठी बघा.

शेवटी श्वास थांबतो आणि मिनिटभरानं बाळ पुन्हा आचका देतं. हे आईबापांना आधी सांगितलं नसेल तर त्यांना वाटतं, बाळ परत आलं. माझ्याकडून एकदा सांगायचं राहिलं. त्या बापानं माझा हात धरून "सिस्टर, लावा ना मशीन" म्हटलं, ते अजून ऐकू येतं.

आणि दूध. बाळ गेलं तरी तिसऱ्या दिवशी आईला पान्हा फुटतोच, आणि ती घरी एकटी घाबरते. म्हणून डिस्चार्जआधीच सांगायचं: गार पाण्याच्या घड्या, ठणका कमी होण्यापुरतंच काढायचं. कुणाला दान द्यायचं असतं. सायनच्या रुग्णालयात 1989पासून दूधपेढी आहे. माहिती द्यायची, गळ घालायची नाही.

गेल्या वर्षी एका आजीनं पाचव्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन बाळाजवळ ठेवायला मागितलं. बाळाचं काय होणार ते तिला ठाऊक होतं. इन्फेक्शनचा नियम आडवा आला. मी दोन्ही स्पिरिटनं पुसलेल्या पिशवीत घालून गादीखाली सरकवलं. नियमात बसतं का, कुणाला विचारलं नाही.

हे सांगून झाल्यावर त्या तिघींतली सगळ्यात गप्प मुलगी म्हणाली, "सिस्टर, मला रडू आलं तर?" मी तिला लिनन रूमची किल्ली कुठं टांगलेली असते ते दाखवलं.