डेबियन १२ वर पायथन ३.१३: सिस्टीमच्या पायथनला धक्का न लावता

डेबियन १२ या लिनक्स सिस्टीममध्ये पायथन ३.११.२ येतो, आणि डेबियन १२ आहे तोवर तो ३.११ च राहणार. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, आकडा मात्र पुढे सरकत नाही. स्टेबल म्हणतात ते यालाच, आणि मी डेस्कटॉपवर डेबियन वापरते तेही याचसाठी. पण मला जे एक छोटं टूल हवं होतं, त्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये सरळ अट होती: पायथन किमान ३.१३. तडजोडीला जागाच नव्हती.

आवृत्तीची अट समोर येण्याआधी आणखी एक कुलूप लागतं. डेबियन १२ वर पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या टूलने, थेट काही बसवायला गेलात की तो नकार देतो: हे एन्व्हायर्न्मेंट बाहेरून सांभाळलं जातं, पॅकेज हवं तर एपीटीने (डेबियनच्या स्वतःच्या पॅकेज व्यवस्थेतून) घ्या, नाहीतर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पॅकेजेससाठी वेगळा, स्वतंत्र फोल्डर) करा. पीईपी ६६८ नावाच्या प्रस्तावातून आलेली ही सोय आहे. पायथन ३.११ च्या लायब्ररी फोल्डरमध्ये ‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड’ नावाची एक साधी टेक्स्ट फाइल असते. ती दिसली की पिप थांबतो. ते कुलूप तोडायचा पर्यायही पिपमध्येच आहे आणि त्याचं नाव ‘ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’ असं आहे. इतकं प्रामाणिक नाव मी दुसऱ्या कुठल्या पर्यायाचं पाहिलेलं नाही. तरीही नेटवर हाच पर्याय उपाय म्हणून सर्रास सांगितला जातो. काही जण तर ती फाइलच उडवा म्हणतात.

यात नेमकं काय बिघडतं ते पाहायला मी सिस्टीमच्या पायथनला त्याचे शोधायचे रस्ते विचारले, म्हणजे सिस.पाथची यादी छापून घेतली. एपीटीने बसवलेली पॅकेजेस ‘यूएसआर’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये असतात. रूट (सिस्टीमचा सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन पिप चालवला की पॅकेजेस ‘यूएसआर लोकल’खालच्या डिस्ट-पॅकेजेसमध्ये जातात. यादीत ‘लोकल’ आधी येतं. म्हणजे मी माझ्या कामासाठी एखादी नवी लायब्ररी तिथे टाकली, तर डेबियनची स्वतःची पायथनमधली टूल्सही जुनी सोडून तीच उचलणार. त्यांची चाचणी त्या आवृत्तीबरोबर कुणी केलेली नसते. बिघाड लगेच दिसत नाही. दिसेल तेव्हा आपण पिपने काय केलं होतं ते कुणाला आठवणार?

याहून वाईट सल्ला म्हणजे पायथन३ ही कमांडच नव्या आवृत्तीकडे वळवणं. एपीटीशी बोलणारं जे पायथन मॉड्यूल आहे ते सी++ मध्ये लिहिलेलं असून त्या-त्या आवृत्तीसाठी कंपाइल केलेलं असतं. फाइलच्या नावातच ३११ हा आकडा असतो. ३.१३ ला ती फाइल दिसत नाही, आणि ‘एपीटी_पीकेजी नावाचं मॉड्यूल नाही’ अशी तक्रार सुरू होते. उबुंटूवर तर असं केल्यावर टर्मिनलच उघडत नाही असे किस्से आहेत, कारण तिथे ग्नोम टर्मिनल सुरू करणारी फाइल हीच एक पायथन स्क्रिप्ट आहे. दुरुस्तीला बसायचं तर टर्मिनल हवं, आणि बिघडलंय तेच.

म्हणून पहिल्यापासून एक गोष्ट पक्की होती. सिस्टीमचा पायथन सिस्टीमचा. मला हवा तो मी वेगळा ठेवणार.

वेगळा ठेवायचे रस्ते बरेच आहेत. उबुंटूवाले डेडस्नेक्स नावाच्या पीपीएवरून (उबुंटूच्या वेगळ्या पॅकेज-साठ्यावरून) नव्या आवृत्त्या घेतात, पण तो उबुंटूसाठी आहे, डेबियनवर तो जोडू नये. डेबियनच्याच टेस्टिंग शाखेतून एकटा पायथन ओढायचा म्हटलं तर तो सी लायब्ररीसकट अर्धी सिस्टीम मागे ओढतो. अशा भेसळीला डेबियनच्या विकीवर ‘फ्रँकनडेबियन’ असं नाव आहे आणि ते योग्यच आहे. पायएन्व्ह हा आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्राम सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, कंपाइलच करतो, फक्त आपल्या वतीने. त्याच कामाचा यूव्ही आधीच तयार केलेले पायथन उतरवतो आणि मिनिटभरात काम उरकतो. रोज दोन-तीन आवृत्त्यांमध्ये उड्या मारायच्या असतील तर यूव्हीच घ्या, उगाच हट्ट नको. मला एकच आवृत्ती हवी होती आणि ती कशी बनते हे बघायचं होतं, म्हणून मी सोर्स घेतला.

पायथनच्या संकेतस्थळावरची टार फाइल जेमतेम वीस-बावीस एमबीची असते. सोबत सही असते ती तपासून घेतली. हे काम कंटाळवाणं आहे, पण जो प्रोग्राम पुढे आपलाच सगळा कोड चालवणार तो कुठून आला हे बघायला हवंच.

खरं काम त्यानंतर आहे, आणि ते कंपाइल करण्यात नसून त्याच्या तयारीत आहे. नुसतं बिल्ड-एसेन्शियल बसवलं की कंपायलर येतो आणि पायथन तयारही होतो. पण तो अर्धवट असतो. पायथनच्या कितीतरी मॉड्यूल्सचं पोट बाहेरच्या सी लायब्ररींवर चालतं: एचटीटीपीएससाठी ओपनएसएसएल, झिपसाठी झेडलिब, सीटाइप्ससाठी लिबएफएफआय, शिवाय एसक्यूलाइट, बीझिप२, एलझेडएमए, रीडलाइन, एनकर्सेस, आणि टीकिंटरसाठी टीके. या लायब्ररी बहुतेक डेस्कटॉपवर आधीच असतात, म्हणून अनेकांना वाटतं की काम झालं. पण कंपाइल करायला त्यांच्या हेडर फाइल्स (कंपायलरला लायब्ररीची ओळख करून देणाऱ्या फाइल्स) लागतात आणि डेबियनमध्ये त्या नावापुढे ‘डेव्ह’ लावलेल्या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. लिबएसएसएल३ आहे म्हणून लिबएसएसएल-डेव्ह आहे असं होत नाही.

एकेक नाव टाइप करायचं नसेल तर एपीटीचं बिल्ड-डेप पायथन३.११ हे सगळं एका दमात आणतं. त्यासाठी सोर्सेसच्या यादीत डेब-एसआरसीची ओळ चालू असावी लागते. ते जरा जास्तच आणतं, त्यामुळे मी निवडून नावं दिली.

आता कॉन्फिगर, म्हणजे सिस्टीमवर काय आहे-नाही ते तपासून बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट. याचं आउटपुट शेकडो ओळींचं असतं आणि ते सगळे जण वर सरकू देतात. मी ते एका फाइलमध्ये घेतलं आणि शेवटचा भाग वाचला, कारण हल्लीच्या आवृत्त्यांत प्रत्येक मॉड्यूलचा निकाल तिथेच लागतो. ‘_एसएसएल मॉड्यूल तपासतोय… यस’, ‘_सीटाइप्स… यस’, अशा ओळी. जिथे ‘मिसिंग’ आलं तिथे थांबायचं. काही ठिकाणी ‘एन/ए’ असतं, त्याने घाबरू नये. उदाहरणार्थ _एससीप्रॉक्सी हे मॉड्यूल मॅकपुरतं आहे, लिनक्सवर ते असणारच नाही. माझ्याकडे ‘मिसिंग’मध्ये _टीकिंटर, _डीबीएम आणि _जीडीबीएम दिसत होते. टीके-डेव्ह आणून कॉन्फिगर परत चालवलं तेव्हा पहिल्याचं ‘यस’ झालं. डीबीएमची जोडी मला कशालाच लागत नाही, ती तशीच सोडली.

हे इथेच बघण्याचं कारण असं की उणीव राहिली तरी मेक (प्रत्यक्ष बांधणी करणारी कमांड) थांबत नाही. तो शेवटी एक सौम्य सूचना देतो की अमुक ऐच्छिक मॉड्यूल्ससाठी लागणाऱ्या गोष्टी सापडल्या नाहीत, आणि मोकळा होतो. एसएसएल नसलेला पायथन दोन अधिक दोन चार असं छान सांगतो. पिपने काही उतरवायला गेलात की मग एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही हे कळतं. एनकर्सेसची गंमत आणखी वेगळी. ३.१३ मध्ये जो नवा रंगीत, अनेक ओळी एकदम संपादित करता येणारा प्रॉम्प्ट आलाय तो कर्सेसवर उभा आहे. ते नसेल तर पायथन जुना प्रॉम्प्ट देतो, आणि आपण म्हणत बसतो की ३.१३ मध्ये नवीन असं आहे तरी काय!

कॉन्फिगरला मी दोनच पर्याय दिले. पहिला प्रिफिक्स: माझ्या होम फोल्डरमध्ये या आवृत्तीसाठी एक स्वतंत्र फोल्डर. त्यामुळे पुढे सुडोची (रूटच्या अधिकारांची) गरजच पडली नाही. आणि पायथनच्या मेकफाइलमध्ये अनइन्स्टॉलची सोय नाही. सगळं एका फोल्डरमध्ये असलं की तो फोल्डर काढून टाकणं हेच अनइन्स्टॉल. दुसरा पर्याय एनेबल-ऑप्टिमायझेशन्स. याने पायथन आधी एकदा मोजमापाच्या खुणांसह बांधला जातो, मग त्याच्यावर काही चाचण्या चालवून कोडचा कुठला भाग जास्त वापरला जातो ते नोंदवलं जातं, आणि त्या नोंदींवरून तो पुन्हा बांधला जातो. म्हणून वेळ दुप्पट नाही, त्याहूनही जास्त लागतो. मेकला सगळे कोअर दिले होते, तरी मधल्या टप्प्यात सिस्टीम मॉनिटरवर एकच कोअर शंभर टक्क्यांवर आणि बाकीचे निवांत, असं चित्र होतं. टर्मिनलमध्ये टेस्ट_अरे, टेस्ट_बेस६४ अशी नावं एकामागून एक येत होती. मशीन अडकलेलं नाही, चाचण्यांचा हा टप्पा एका वेळी एकच काम करतो एवढंच. फक्त प्रयोग करायचा असेल तर हा पर्याय वगळा. रोज वापरायचा असेल तर थांबणं परवडतं.

एनेबल-शेअर्ड हा पर्यायही बरेच जण सवयीने जोडतात. दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये पायथन बसवायचा नसेल तर त्याची गरज नाही, आणि जोडला की चालवताना ‘लिबपायथन सापडत नाही’ हे प्रकरण निस्तरावं लागतं.

शेवटी मेक ऑल्टइन्स्टॉल. साधं इन्स्टॉल पायथन३ या नावाचा दुवाही तयार करतं. ऑल्टइन्स्टॉल फक्त पायथन३.१३ एवढंच ठेवतं. प्रिफिक्स बदललेला नसेल तर साध्या इन्स्टॉलने तो दुवा ‘यूएसआर लोकल बिन’मध्ये जातो आणि पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) तो सिस्टीमच्या आधी लागतो, म्हणजे पुन्हा पहिलाच घोळ. माझा प्रिफिक्स वेगळा होता, तरी ऑल्टइन्स्टॉलच वापरलं. मग होममधल्या ‘.लोकल/बिन’मध्ये पायथन३.१३ चा एक दुवा केला. तो फोल्डर माझ्याकडे नव्हता, आणि डेबियनचा .प्रोफाइल तो असेल तरच, तेही लॉगिनच्या वेळी, पाथमध्ये घालतो. त्यामुळे एकदा लॉगआउट करून परत यावं लागलं.

टूलसाठी नव्या पायथनने व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट केलं. डेबियनच्या पायथनला त्यासाठी पायथन३-व्हेन्व हे वेगळं पॅकेज लागतं. सोर्समधल्याला ते सोबतच मिळतं. आत पायव्हेन्व.सीएफजी नावाची छोटी फाइल असते, ती एकदा उघडून बघण्यासारखी आहे. ‘होम’ या ओळीत माझ्या फोल्डरचा पत्ता होता आणि सिस्टीमच्या पॅकेजेसपुढे ‘फॉल्स’. टूल पहिल्याच फटक्यात बसलं.

माझ्या जुन्या स्क्रिप्ट्स मात्र सगळ्या चालल्या नाहीत. ३.१२ मध्ये डिस्टयूटिल्स आणि इम्प गेले, ३.१३ मध्ये पीईपी ५९४ प्रमाणे सीजीआय, टेलनेटलिब धरून आणखी १९ मॉड्यूल्स गेली. एका स्क्रिप्टमध्ये सीजीआय होतं, ते बदललं. बाकीच्या दोन-चार तेव्हा ३.११ वरच सुखाने चालत होत्या, त्यांना हात लावला नाही.

३.१३ ची नवी दुरुस्ती-आवृत्ती आली की त्याच प्रिफिक्सवर पुन्हा बांधते. शेवटचा आकडा बदलला तरी एन्व्हायर्न्मेंट तशीच चालू राहतात.

डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला, आणि त्यात सिस्टीमचाच पायथन ३.१३ आहे. अपग्रेड करताना मला शंका होती ती माझ्या बांधलेल्या पायथनची, कारण ओपनएसएसएल ३.० वरून ३.५ वर जाणार होतं. अपग्रेडनंतर त्याच्या _एसएसएल फाइलवर एलडीडी (फाइल कुठल्या लायब्ररींवर अवलंबून आहे ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं: लिबएसएसएल.एसओ.३, नाव तेच, दुवा जुळलेला. बंद पडली ती सिस्टीमच्या ३.११ वर केलेली एन्व्हायर्न्मेंट. ती सुरू होत होती, पण एकही पॅकेज सापडत नव्हतं, कारण आतला पायथन३ चा दुवा आता ३.१३ कडे गेला होता आणि पॅकेजेस पायथन३.११ नावाच्या फोल्डरमध्ये पडून होती. गरजांची यादी फाइलमध्ये होती, त्यावरून ती नव्याने केली. माझा ३.१३ चा फोल्डर अजून तिथेच आहे. टूलचं एन्व्हायर्न्मेंट सिस्टीमच्या पायथनवर हलवलं की तो काढेन, आणि ती जागा ३.१४ ला देईन.