पहिल्या स्पर्धकाचे गुण

गेल्या हिवाळ्यात सदाशिव पेठेतील एका सभागृहात महाविद्यालयीन ख्यालगायन स्पर्धेचा परीक्षक म्हणून बसलो होतो. आम्ही तिघे परीक्षक, सतरा स्पर्धक आणि प्रत्येकाला दहा मिनिटे. विलंबित एकतालाचे, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचे, एक आवर्तन (पूर्ण फेरा) पाऊण मिनिटाचे धरले, तर शेवटच्या द्रुत, म्हणजे जलद बंदिशीपुरता वेळ राखल्यावर संथ लयीतल्या बड्या ख्यालाच्या वाट्याला जेमतेम आठ आवर्तने येतात. तेवढ्यात बढत, म्हणजे रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार, ऐकवणे गायकाला जितके अवघड, तितकेच ती जोखणे परीक्षकाला.

चिठ्ठीत पहिला क्रमांक आलेल्या मुलीने सकाळी साडेनऊला राग तोडी सुरू केला, तेव्हा श्रोते अजून खुर्च्या शोधत होते. तिचा गंधार, म्हणजे ‘ग’ हा स्वर, मात्र अस्सल तोडीचा होता, पेटीवरच्या कोमल गंधाराहून किंचित उतरलेला. रागविस्ताराच्या रकान्यात मी तिला दहापैकी सात दिले. पुढे सोळा जण आहेत, त्यांच्यासाठी वर जागा ठेवायला हवी, यापलीकडे त्या सातामागे काही कारण नव्हते.

दुपारी चौदाव्या मुलाने राग मुलतानी गायला. स्वर तोडीचेच, पण आरोहात (चढताना) रिषभ-धैवत, म्हणजे रे आणि ध, घ्यायचे नाहीत आणि अवरोहातही (उतरताना) त्यांच्यावर थांबायचे नाही, हे मुलतानीचे पथ्य. तो रिषभावर दोनदा रेंगाळला आणि दोन्ही वेळा तोडी डोकावली. तरी तानांची तयारी आणि समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) मिळालेली दाद यांच्या भरात मी आठ लिहून मोकळा झालो.

आपल्याकडे परीक्षकांविषयी बोलणे निघाले की गाडी घराण्यांवर येते: किराण्याचा परीक्षक सुराला झुकते माप देणार, आग्र्याचा लयकारीला. त्यात तथ्य आहे, पण परीक्षक वेगवेगळ्या घराण्यांचे असतील तर तिघांच्या बेरजेत हे झुकते माप बरेचसे विरून जाते. क्रमाचा दोष तसा विरत नाही, कारण पहिल्या स्पर्धकाला तिघेही हात राखूनच गुण देतात. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ या पाश्चात्त्य संगीताच्या स्पर्धेत वादकांच्या अंतिम फेरीतले बारा जण रोज दोघे या हिशेबाने वाजवतात, आणि त्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. फ्लोरेस आणि गिन्सबर्ग या संशोधकांनी तिथल्या निकालांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला, तेव्हा पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता कमी असते, असे आढळले. म्हणजे तिथेही तेच.

आता मी पहिल्या तिघांचे गुण पेन्सिलीने लिहितो आणि पाच-सहा जण ऐकून झाल्यावर पुन्हा पाहतो. प्रत्येक गायनानंतर गुणपत्रक उचलून नेणाऱ्या कार्यकर्त्यांना हे मुळीच आवडत नाही.

त्या दिवशी ती मुलगी दीड गुणाने चौथी आली. निकालानंतर तिने नमस्कार केला आणि विचारले, "सर, कुठे कमी पडले?" मी तिचे गुणपत्रक मागवून घेतले. शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात दोन शब्द होते: गंधार उत्तम.