ह्यांच्या माघारी टेक्सासमधलं घर

हे गेले तेव्हा मृत्युपत्र केलेलं नव्हतं. ह्यूस्टनजवळचं घर लग्नानंतर घेतलेलं, पण कर्ज एकट्या ह्यांच्या नावावर. मुलगा इथेच कॉलेजात, ह्यांची पहिल्या लग्नाची मुलगी कॅलिफोर्नियात. दिवसकार्य होतंय न होतंय तोच पुण्याहून भावाचा फोन, "ताई, सगळ्या वारसांचे समान वाटे पडणार. एकाने वाटणी मागितली की घर विकावं लागेल. त्यापेक्षा आत्ताच विक आणि इकडे निघून ये." भारतातल्या हिंदू वारसा कायद्याच्या हिशोबाने तो चुकीचं बोलत नव्हता. टेक्सासचा कायदा मात्र वेगळा आहे, आणि इथे राहणाऱ्या आपल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक असायला हवा.

लग्नानंतरच्या कमाईतून घेतलेलं घर इथे नवराबायको दोघांचं. त्यामुळे अर्धं घर आधीपासूनच माझं होतं. मुलं फक्त आमच्या दोघांची असती, तर ह्यांचा अर्धा हिस्साही माझ्याकडे आला असता. पहिल्या लग्नाची मुलगी असल्यामुळे तो हिस्सा दोन्ही मुलांना गेला, प्रत्येकाला पाव. हे ऐकून मी हादरलेच. तेव्हा वकीलबाईंनी टेक्सासच्या राज्यघटनेच्या सोळाव्या प्रकरणातलं कलम 52 माझ्यापुढे ठेवलं. जोडीदार हयात आहे आणि त्या घरात राहू इच्छितो, तोवर वारसांना घराची वाटणी करून घेता येत नाही. ह्यांच्या अर्ध्याची मालकी वारसांची, पण राहण्याचा हक्क माझा, तोही मरेपर्यंत. अमेरिकेत सामील होण्याआधी, 1839 साली, टेक्सास स्वतंत्र देश असतानाच कुटुंबाचं घर सावकारापासून वाचवणारा कायदा इथे झाला होता. त्या लोकांचे मी मनापासून आभार मानते.

मी लगेच विचारलं, पुण्याला चार-सहा महिने जाऊन राहिले तर? परत यायचा इरादा असेल तर हक्क जात नाही, कायमचं सोडून गेलं तर जातो, असं त्या म्हणाल्या. म्हणून सामान घरातच ठेवलं, टपाल बंद केलं नाही, घराला कुलूप लावून गेले आणि परत आले.

हक्काबरोबर खर्चही येतो. प्रॉपर्टी टॅक्स आणि कर्जाचं व्याज राहणाऱ्याने भरायचं, मुद्दल मालकांनी आपापल्या हिश्शाप्रमाणे. हे ह्यांच्या लेकीला सांगायला मला फार जड जात होतं. तिनेच विषय काढला, "मावशी, माझ्या पावाचं मुद्दल मी पाठवत जाईन. तू घर सोडायचा विचारही करू नकोस."

क्रेडिट कार्डवाल्यांचे आणि हॉस्पिटलच्या बिलांचे फोन येत राहिले. अशा देण्यांपायी माझं राहतं घर विकायला लावता येत नाही, एवढं कळल्यावर माझी भीती गेली. घरावरचं कर्ज आणि टॅक्स यांना मात्र हे संरक्षण लागू नाही. हप्ता थकला तर घर जातंच.

आणि खरा त्रास तिथेच झाला. कर्जाचे हप्ते घेणारी कंपनी म्हणे, "आम्ही फक्त कर्जदाराशी बोलतो." कर्जदार गेला म्हणून तर मी फोन करत होते! हप्ते मी वेळेवर भरत होते, तरी शिल्लक किती तेही सांगायला तयार नाहीत. शेवटी वकीलबाईंनी पत्र लिहून दिलं. कर्जदाराच्या मृत्यूमुळे घर जोडीदाराकडे आलं म्हणून सगळं कर्ज एकदम मागता येत नाही, हा अमेरिकेचा 1982 चा केंद्रीय कायदा आहे. शिवाय 2018 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे मला 'सक्सेसर इन इंटरेस्ट', म्हणजे घराच्या मालकीत कर्जदाराच्या जागी आलेली व्यक्ती, म्हणून मान्यता देऊन माझ्याशी व्यवहार करणं त्यांना बंधनकारक आहे. हे तीन शब्द पत्रात आले आणि बोलण्याचा सूरच बदलला. माझ्यासारख्या कुणावर ही वेळ आली तर पहिल्याच फोनवर ते उच्चारावेत.

मालकीचा पुरावा म्हणून वारसांचं अ‍ॅफिडेव्हिट करावं लागलं. त्यात ह्यांची दोन्ही लग्नं, घटस्फोटाची तारीख, प्रत्येक मूल, सगळं लिहायचं. खाली दोन साक्षीदार, घरात ज्यांचा काही हितसंबंध नाही असे. एक आमचे शेजारी, दुसरी मंडळातली मैत्रीण, जिच्याकडे आम्ही दरवर्षी गणपतीच्या आरतीला जातो. ओळख किती वर्षांची ते दोघांनीही स्वतःच्या अक्षरात लिहिलं. नोटरी करून कागद काउंटी क्लर्ककडे, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या काउंटीच्या नोंदणी कचेरीत, नोंदवला.

टॅक्सचा अर्ज मात्र कुणी आपणहून सांगत नाही. पासष्टी उलटल्यामुळे ह्यांचा शाळेचा टॅक्स, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्समधला शाळांसाठीचा भाग, एका आकड्यावर गोठवलेला होता. मागे राहिलेला जोडीदार पंचावन्न किंवा त्याहून मोठा असेल आणि त्याच घरात राहत असेल, तर ती मर्यादा त्यालाही मिळते, पण अर्ज करावा लागतो. मी अठ्ठावन्नची. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज दिला आणि टॅक्स वाढला नाही.

मग मी माझ्या अर्ध्याची तजवीज केली. टेक्सासमध्ये 2015 पासून 'ट्रान्सफर ऑन डेथ डीड' करता येतं. आपण आहोत तोवर हिस्सा आपलाच, नंतर थेट नाव लिहिलेल्या माणसाकडे. मी लेक आणि मुलगा दोघांचीही नावं घातली. सही करून कपाटात ठेवलेला कागद चालत नाही, आपण हयात असतानाच तो काउंटीत नोंदवावा लागतो. माझा नोंदवून झाला आहे.