चोर सोडून मॉनिटरला फाशी

"मामा, मॉनिटर मेला." दुपारचा जरा डोळा लागत होता, तेवढ्यात भाचीचा फोन. विचारलं, नुसता काळा आहे की काही लिहून येतंय? "'नो सिग्नल' अशी चौकट फिरतीये इकडून तिकडे." मग मेला कसा? आपल्यापर्यंत काही पोचत नाहीये, हे तो बिचारा फिरून फिरून सांगतोय आणि हिने त्याच्याच नावाने गळा काढलाय.

कॉम्प्युटरचं काहीही बिनसलं की आळ मॉनिटरवर येतो, कारण दिसतो तोच. रॅम, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ही सगळी मंडळी टेबलाखालच्या डब्यात तोंड लपवून बसलेली असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची, तर हा संन्यासी सदैव समोरच. मी अशा वेळी आधी कॅप्स लॉक दाबायला सांगतो. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला तर डबा जागा आहे, फक्त त्याचं चित्र कुठेतरी वाटेत अडकलंय.

आणि "केबल घट्ट आहे ना?" हे मी कुणालाही विचारत नाही. त्याला "हो" असंच उत्तर येतं, तेही खुर्चीवरून न हलता. त्यापेक्षा म्हणायचं, केबल दोन्हीकडून काढ आणि उलटी लाव, मॉनिटरकडचं टोक डब्याला आणि डब्याकडचं मॉनिटरला. टोकांत फरक काडीचा नसतो. पण त्या निमित्ताने माणूस उठतो, टेबलामागे वाकतो, आणि निम्मी दुखणी तिथेच बरी होतात.

भाची वाकली. "मामा, इथे दोन जागा आहेत. एक वर यूएसबीच्या गर्दीत आणि एक खाली वेगळ्या पट्टीवर." कालच टेबल झाडून-पुसून झालं होतं म्हणे. खालची जागा ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाची. असं वेगळं कार्ड बसवलं की वरचा, मदरबोर्डवरचा (डब्यातल्या मुख्य बोर्डावरचा) पोर्ट बऱ्याच मशिनांत आपोआप झोपी जातो. केबल वर लावली गेली होती. खाली लावताच चित्र आलं आणि फोन ठेवला गेला. आभारबिभार काही नाही. झोप मात्र गेली ती गेलीच.

हल्ली एचडीएमआयची केबल लावली तरी लावल्यासारखी वाटत नाही. जुन्या व्हीजीए केबलची गोष्ट वेगळी होती. १९८७ साली आलेला तो पंधरा पिनांचा प्लग, पुढे त्याला निळा रंग चिकटला, आणि दोन्ही बाजूंना पिळायचे दोन स्क्रू. ते स्क्रू कुणी पूर्ण पिळत नसे, म्हणून तर सारे घोटाळे. पण त्या घोटाळ्यांतही एक शिस्त होती. पहिली पिन लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. निळी वाकली की पडदा पिवळा, हिरवी गेली की जांभळट गुलाबी, लाल गेली की आकाशी. नुसत्या रंगावरून कुठली पिन ते सांगता यायचं. मी सांगायचो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर उगाच आदर उमटायचा. एचडीएमआयमध्ये ती मजा नाही. एक तर चित्र येतं, नाहीतर ठिपक्यांची चमचम होते, किंवा काहीच येत नाही.

रंगांचं आणि माझं हे वेड आतेभावापासूनचं. सुट्टीत तो लाउडस्पीकरमधून काढलेला लोहचुंबक घेऊन आला आणि आत्याच्या त्या अवजड, पोटवाल्या मॉनिटरच्या काचेजवळ धरला. अख्खं चित्र चुंबकाकडे ओढलं गेलं. हिरवे, जांभळे, केशरी पट्टे, कडेला इंद्रधनुष्य. इतकं सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. मग त्याने चुंबक खिशात घातला आणि आमच्या पोटात गोळा आला, कारण एका कोपऱ्यातला जांभळा डाग काही जाईना. काचेमागे बारीक भोकांची धातूची जाळी असते. प्रत्येक रंगाचा इलेक्ट्रॉनचा झोत त्या भोकांतून नेमका आपापल्या ठिपक्यावर पडायला हवा. जाळीला चुंबकत्व चढलं की झोत वाकतो आणि शेजाऱ्याच्या ठिपक्यावर जाऊन पडतो. हे आत्ता लिहितोय. तेव्हा आम्हाला फक्त आत्या दिसत होती.

आत्याने आरडाओरडा केला नाही. तिने मॉनिटरवरची बटणं चाळत 'डीगाउस', म्हणजे चढलेलं चुंबकत्व उतरवणारं बटण, शोधून काढलं आणि दाबलं. धड्डम! पडदा गदागदा हलला, चित्र क्षणभर लाटांसारखं झुललं, डाग निम्मा गेला. आम्हाला तो आवाज इतका आवडला की लगेच परत दाबलं. काहीच नाही. तो झटका पडद्याभोवतीची तारेची गुंडाळी देते. तिला पुन्हा तसा झटका द्यायचा तर तिच्या वाटेवरचा थर्मिस्टर, म्हणजे तापला की वीज अडवणारा भाग, आधी थंड व्हावा लागतो. पंधरा-वीस मिनिटं आम्ही शहाण्यासारखे समोर बसून राहिलो. सुट्टीतली आमची सर्वांत शांत वेळ ती असावी.

आता ते बटण राहिलं नाही. सपाट पडद्यांना चुंबकाचं काही वाटत नाही. त्यांची दुखणी अबोल असतात. उदाहरणार्थ, पडदा काळा, पण पॉवरचा दिवा चालू. खोलीत अंधार करायचा, टॉर्च तिरका धरायचा आणि अगदी जवळून बघायचं. फिकट, भुतासारखी खिडकी आणि माउसचा बाण दिसला तर चित्र शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेलाय. किंवा सुरू व्हायला रोज थोडा थोडा जास्त वेळ घेणारा मॉनिटर. त्याच्या आत बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी छोटी नळकांडी, फुगलेले असतात, डोकी वर आलेली. २००० नंतरची काही वर्षं अशा फुगऱ्या कपॅसिटरांनी जगभर गाजवली. हे सगळं मी उत्साहाने सांगतो, पण मागचं झाकण उघडा असं कुणालाही सांगत नाही. जुन्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये वीस हजार व्होल्टहून जास्त दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो आत मुरून राहतो. नव्यातही पॉवरचा बोर्ड खेळण्याची वस्तू नव्हे.

माझं खरं दुखणं पिक्सेल. नवा पडदा दिसला, मग तो कुणाचाही असो, की मी पूर्ण पांढरी आणि मग पूर्ण काळी खिडकी लावून त्याची झडती घेतो. १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून जास्त ठिपके, प्रत्येकात तीन रंग. त्यातला एक चुकार हिरवा सापडला की मला उरलेले सगळे दिसेनासे होतात. २००१ च्या आयएसओ मानकाने याची सोय आधीच करून ठेवली होती. दुसऱ्या वर्गातल्या पडद्याला दर दहा लाखांमागे दोन कायमचे पेटलेले आणि दोन कायमचे विझलेले पिक्सेल माफ. म्हणजे तुम्ही तक्रार घेऊन गेलात तर दुकानदार शांतपणे म्हणणार, नियमात बसतंय. अडकलेल्या पिक्सेलवर मऊ कापडाने हलकेच दाबतात, रंग भराभर बदलणारे प्रोग्रॅम तासन् तास चालवतात. कधी सुटतो. पण तो त्या दाबण्यामुळे सुटला की स्वतःच कंटाळून, हे कसं ठरवायचं? पूर्ण मेलेला, काळा, मात्र सुटत नाही.

बाबांना असले त्रास नाहीत. त्यांच्या मॉनिटरवर १२८० गुणिले ७२० लावलेलं आहे, पडदा मात्र १९२० चा. म्हणजे चित्रातला प्रत्येक ठिपका पडद्याच्या आडव्या दीड आणि उभ्या दीड ठिपक्यांवर बसवायचा. अर्धा ठिपका पेटवता येत नाही, म्हणून कडा पसरतात आणि सगळी अक्षरं ओलसर दिसतात. मला ते बघवत नाही. परवा म्हटलं, बाबा, नीट करून देतो, नंतर अक्षरंही हवी तेवढी मोठी करू. सेटिंग बदललं. सगळं लख्ख झालं, बारीक झालं आणि डेस्कटॉपवरची चिन्हं आपापल्या जागा सोडून डावीकडे गोळा झाली. मधोमध विंडोजची पाटी आली, हे बदल ठेवायचे का, आणि खाली पंधरापासून उलटे आकडे सुरू.

बाबा चष्मा वर करून पुढे वाकले. "माझी पेन्शनची फाइल कुठे गेली?" म्हटलं, आहे, तिकडे कोपऱ्यात. "तिकडे कशाला? ती इथे असते." आकडे उतरत होते. माउस माझ्या हातात होता. "आणि हे इतकं टोचरं का दिसतंय?"

मी काही दाबलं नाही. पंधरा सेकंद संपले, पडदा एकदा काळा झाला आणि सगळं होतं तिथे परत आलं. बाबांनी फाइल उघडली.