पासवर्ड बरोबरच होता : ट्रूक्रिप्टचा जुना कंटेनर नव्या व्हेराक्रिप्टमध्ये आणतानाचा माझा अनुभव

ट्रूक्रिप्ट हा फाइली कूटबद्ध करून ठेवणारा जुना प्रोग्राम, आणि व्हेराक्रिप्ट हा त्याचा वारसदार. कंटेनर म्हणजे त्यांनी तयार केलेली कुलूपबंद फाइल; पासवर्ड देऊन उघडली की ती एखाद्या ड्राइव्हसारखी दिसते. नवा संगणक घेतल्यावर मी त्यावर व्हेराक्रिप्टची १.२६ मालिकेतील आवृत्ती बसवली आणि २०११ साली ट्रूक्रिप्टमध्ये तयार केलेला माझा एक कंटेनर उघडायला गेले, तेव्हा पडद्यावर नेहमीपेक्षा लांब संदेश आला. पासवर्ड चुकीचा असेल, पीआयएम हा आकडा चुकीचा असेल, हॅश अल्गोरिदम (पासवर्डवर चालवायची गणिती रीत) चुकीचा निवडला असेल, किंवा ही फाइल मुळात व्हॉल्यूमच, म्हणजे असा कंटेनरच, नसेल. यांपैकी एक किंवा अनेक कारणांमुळे काम झाले नाही, असा त्याचा आशय होता. चार शक्यतांपैकी पहिलीच मला खरी वाटली. या कंटेनरात माझ्या जुन्या कामाची कागदपत्रे आणि वडिलांची स्कॅन केलेली पत्रे होती, तो मी चार-पाच वर्षांतून एकदा उघडत असे, आणि इतक्या दिवसांनी आपणच काहीतरी विसरलो असू असे वाटणे स्वाभाविक होते.

पुढचे तीन दिवस मी संध्याकाळी काम आटोपले की त्या पासवर्डच्या मागे लागत असे. तो पासवर्ड म्हणजे एक लांब वाक्य होते आणि त्याच्या शेवटी एक चिन्ह होते. ते चिन्ह बदलून पाहिले, मोठी-लहान अक्षरे बदलून पाहिली, नव्या संगणकाचा कीबोर्ड वेगळ्या मांडणीचा असेल या शंकेने तेच वाक्य आधी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टंकून तपासले. मग फाइल खराब झाली असेल असे वाटून दुसऱ्या ड्राइव्हवरच्या प्रतीशी तिची तुलना केली. दोन्हींचा आकार सारखा होता आणि एसएचए-२५६ हॅशही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसाही, अक्षरशः जुळत होता. म्हणजे फाइल जशीच्या तशी होती. जुना संगणक तोपर्यंत पुसून देऊन टाकलेला असल्यामुळे तिथे परत जाऊन पाहण्याची सोय नव्हती.

येथे थोडे थांबून हा संदेश इतका मोघम का असतो ते सांगायला हवे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. अशा कंटेनरच्या फाइलला बाहेरून काहीही ओळख नसते. सुरुवातीच्या ५१२ बाइटचा हेडर असतो. त्यातले पहिले ६४ बाइट म्हणजे सॉल्ट, म्हणजे निव्वळ यादृच्छिक बाइट, आणि उरलेला भाग कूटबद्ध. दिलेल्या पासवर्डपासून सॉल्टच्या मदतीने की (कुलूप उघडणारी गुप्त किल्ली) तयार करायची, तिने हेडर उलगडून पाहायचा आणि ठरलेल्या जागी ठरलेली चार अक्षरे दिसतात का ते बघायचे, एवढाच प्रोग्रामचा मार्ग असतो. ट्रूक्रिप्टच्या कंटेनरात ती अक्षरे ‘टी-आर-यू-ई’ अशी असतात, व्हेराक्रिप्टच्या कंटेनरात ‘व्ही-ई-आर-ए’ अशी. ती दिसली नाहीत तर पासवर्ड चुकला, की पद्धत वेगळी आहे, की समोर नुसता कचरा आहे, हे प्रोग्रामला कळण्याचा कोणताही मार्ग नसतो, आणि तसा तो नसावा हीच या रचनेची खरी ताकद आहे. फाइल हाती लागलेल्या परक्या माणसाला तो ‘हा ट्रूक्रिप्टचा कंटेनर आहे, फक्त पासवर्ड चुकला’ असे सांगू लागला, तर अर्धे गुपित तिथेच फुटले. पण याचा दुसरा अर्थ असा, की मालकालाही तो काही सांगत नाही. सुसंस्कृत प्रोग्राम म्हणून ‘या प्रकारची फाइल आता चालत नाही’ अशी सूचना मिळेल, ही अपेक्षा येथे उपयोगी नाही. असे प्रोग्राम आपले म्हणणे फक्त रिलीज नोट्समध्ये, म्हणजे प्रत्येक आवृत्तीसोबतच्या बदलांच्या नोंदींमध्ये, मांडू शकतात, आणि त्या मी वाचल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी वाचल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या १.२६.७ या आवृत्तीच्या नोंदींमध्ये, अगदी वरच्या ओळींमध्येच, ट्रूक्रिप्ट मोड, म्हणजे ट्रूक्रिप्टचे कंटेनर उघडण्याची सोय, काढून टाकल्याचे स्पष्ट लिहिले होते आणि असे व्हॉल्यूम उघडायचे किंवा रूपांतरित करायचे असतील तर १.२५.९ वापरावी, हेही तिथेच सांगितले होते. त्याखालची ओळ रायपएमडी-१६० आणि गॉस्ट८९ हे दोन अल्गोरिदम पूर्णपणे काढल्याची होती. पहिली ओळ वाचून मला इतके हायसे वाटले की दुसरी मी नुसती नजरेखालून घातली. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

ट्रूक्रिप्ट काढून टाकण्यामागचे कारण समजून घेतल्यावर माझी चिडचिडही कमी झाली. ट्रूक्रिप्टच्या अनामिक निर्मात्यांनी २८ मे २०१४ रोजी अचानक काम थांबवले आणि आपला प्रोग्राम वापरणे सुरक्षित नाही अशी सूचना स्वतःच लावली. त्याच्या मूळ कोडचे जे स्वतंत्र परीक्षण आधीपासून चालू होते, ते २०१५ मध्ये पूर्ण झाले आणि त्यात मागचा चोरदरवाजा आढळला नाही. मात्र त्याच वर्षी विंडोजवरील त्याच्या ड्रायव्हरमध्ये दोन गंभीर त्रुटी सापडल्या, ज्या व्हेराक्रिप्टने दुरुस्त केल्या आणि बंद पडलेल्या ट्रूक्रिप्टमध्ये तशाच राहिल्या. याशिवाय पासवर्डपासून की तयार करताना ट्रूक्रिप्ट साध्या कंटेनरसाठी अल्गोरिदमनुसार तेच गणित १,००० किंवा २,००० वेळा करत असे, म्हणजे तेवढ्या फेऱ्या. व्हेराक्रिप्ट एसएचए-५१२ वापरताना मुळातच ५,००,००० फेऱ्या करते. पासवर्डचे अंदाज बांधत बसणाऱ्याला प्रत्येक अंदाजासाठी तेवढी मेहनत करावी लागते, म्हणून हा फरक केवळ कागदावरचा नाही. नऊ वर्षे जुन्या स्वरूपाला सोबत घेऊन चालल्यावर एके दिवशी त्याला निरोप देणे, हे माझ्या मते योग्यच होते.

आता प्रश्न जुनी आवृत्ती मिळवण्याचा होता, आणि याच टप्प्यावर माणूस घाईत चूक करतो. शोध घेतल्यास ट्रूक्रिप्ट ७.१ए पुरवणाऱ्या अनोळखी जागा सहज सापडतात. मी त्यांच्या वाटेला गेले नाही. व्हेराक्रिप्टच्या अधिकृत संग्रहातून १.२५.९ आणि तिच्यासोबतची डिजिटल सहीची छोटी फाइल उतरवून घेतली. माझ्या जुन्या बॅकअपमध्ये प्रकल्पाची सार्वजनिक की, जिच्यावरून ती सही तपासता येते, पूर्वीच जतन केलेली होती, हे माझे नशीब. की आणि फाइल दोन्ही आजच एकाच ठिकाणाहून घेतल्या असत्या, तर त्या ठिकाणी गडबड करणाऱ्याने दोन्ही बदलून ठेवल्या नाहीत याची खात्री कोण देणार? काही वर्षांपूर्वी वेगळ्या संगणकावर जतन केलेली की आज उतरवलेल्या सहीशी जुळते, याला निदान थोडे वजन आहे.

सह्या तपासणाऱ्या जीपीजी या प्रोग्रामने तपासल्यावर दोन गोष्टी एकाखाली एक दिसल्या. आधी ‘गुड सिग्नेचर’, म्हणजे सही बरोबर. आणि लगेच खाली इशारा, की ही की विश्वासू सहीने प्रमाणित केलेली नाही आणि सही त्या मालकाचीच असल्याचा पुरावा नाही. पहिल्यांदा हे पाहणारा माणूस एक तर घाबरून सोडून देतो किंवा इशाऱ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. त्या इशाऱ्याचा अर्थ इतकाच असतो, की गणित जुळले आहे, पण ही की कोणाची हे तुम्ही स्वतः ठरवलेले नाही. ते ठरवण्यासाठी कीचा ४० अक्षरांचा फिंगरप्रिंट (कीची ओळख पटवणारा ठसा) चार-चार अक्षरांच्या दहा गटांत मांडून, बोट ठेवून, प्रकल्पाने जाहीर केलेल्या फिंगरप्रिंटशी मी ताडून पाहिला. शेवटची आठच अक्षरे पाहून समाधान मानण्याची जुनी सवय मी मुद्दाम मोडली आहे, कारण तेवढीच अक्षरे जुळणारी खोटी की तयार करणे शक्य आहे हे केव्हाच दाखवून झाले आहे. सहीलाही मर्यादा असतेच. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत जो चोरदरवाजा सापडला, त्या आवृत्त्यांवर प्रकल्पाच्या देखभालकर्त्याचीच खरी सही होती. सही पाठवणारा कोण ते सांगते, पाकिटात काय आहे ते नाही.

एकाच संगणकावर दोन आवृत्त्यांच्या ड्रायव्हरची भांडणे नकोत म्हणून मी १.२५.९ एका जुन्या लॅपटॉपवर बसवली आणि त्याचे इंटरनेट बंद ठेवले. कंटेनरची आणखी एक प्रत काढली आणि प्रयोग फक्त त्या प्रतीवर करायचे ठरवले. पासवर्डच्या खिडकीत ‘ट्रूक्रिप्ट मोड’ असा चौकोन आहे. त्यावर खूण केली, तेच वाक्य, तेच चिन्ह, सगळे पहिल्या दिवशी टंकले होते तसेच टंकले, आणि ड्राइव्ह क्षणात उघडला. इतक्या लवकर की मला क्षणभर आनंदही झाला नाही. फेऱ्या कमी असल्याचा तो परिणाम होता. वडिलांच्या पत्रांचे फोल्डर पाहिले, एक पत्र उघडून अक्षर पाहिले, आणि ड्राइव्ह बंद केला.

रूपांतराची पद्धत तशी सोपी आहे. पासवर्ड बदलण्याच्या खिडकीत वरच्या भागात जुना पासवर्ड द्यायचा आणि ट्रूक्रिप्ट मोडवर खूण करायची, खालच्या भागात नवा पासवर्ड द्यायचा. त्यानंतर माउस कितीतरी वेळ उगाच इकडेतिकडे फिरवावा लागतो, म्हणजे यादृच्छिक आकडे गोळा होतात, आणि पट्टी भरल्यावर हेडर नव्या पद्धतीने लिहिला जातो. आतला मजकूर पुन्हा कूटबद्ध होत नाही, म्हणून चार जीबीच्या कंटेनरलाही फारसा वेळ लागत नाही. रूपांतर यशस्वी झाल्याचा संदेश आला. ती प्रत मी नव्या संगणकावर नेली, नवा पासवर्ड दिला, थोडी वाट पाहिली, आणि पुन्हा तोच चार शक्यतांचा संदेश.

या वेळी मात्र मी पासवर्डला दोष दिला नाही. रिलीज नोट्स पुन्हा उघडल्या आणि ती न वाचलेली दुसरी ओळ वाचली. माझा कंटेनर २०११ च्या ट्रूक्रिप्टचा. तेव्हा मुळातच निवडलेला हॅश रायपएमडी-१६० असे आणि मी तो बदलला नव्हता. पासवर्ड बदलताना खालच्या भागात हॅश निवडण्याची यादी होती आणि तिच्यात ‘बदल नाही’ हा पर्याय आधीपासून निवडलेला होता. मी तो तसाच ठेवला होता. परिणामी कंटेनर व्हेराक्रिप्टचा झाला, पण हेडर रायपएमडी-१६० वरच राहिला, आणि तो अल्गोरिदम नव्या आवृत्तीत उरलेलाच नव्हता. जुन्या लॅपटॉपवर परत जाऊन त्याच खिडकीत या वेळी एसएचए-५१२ निवडला. मग तो कंटेनर नव्या संगणकावर उघडला. हॅश आपण निवडून दिला नाही तर प्रोग्राम एकेक अल्गोरिदम लावून पाहतो आणि जास्त वेळ घेतो, म्हणून आता उघडताना मी एसएचए-५१२ आधीच निवडते.

याच्याशी जोडून एक गोष्ट मला नंतर कळली. लिनक्सवरील क्रिप्टसेटअप या प्रोग्रामला ट्रूक्रिप्टचे कंटेनर उघडता येतात, आणि ही सोय त्यात २०१३ पासून आहे. ती आधी ठाऊक असती तर जुन्या आवृत्तीच्या मागे न लागता फाइल्स बाहेर काढता आल्या असत्या, शिवाय पासवर्ड बरोबर आहे हे पहिल्याच संध्याकाळी कळले असते.

कंटेनर उघडला म्हणजे काम संपले असे मी काही तास समजत होते. पण पासवर्ड बदलला तरी आतली मास्टर की, म्हणजे जिने मजकूर प्रत्यक्ष कूटबद्ध केलेला असतो ती की, तीच राहते. बदलतो तो फक्त तिच्यावरचा हेडर. माझ्या जुन्या प्रती जिथे जिथे असतील, तिथे तिथे तो जुना पासवर्ड २,००० फेऱ्यांत तपासता येणार, आणि तो सापडला तर तीच मास्टर की रूपांतरित कंटेनरलाही लागू पडणार. म्हणून मी नव्या आवृत्तीत अगदी नवा कंटेनर तयार केला, फाइल्स त्यात हलवल्या, प्रत्येक फोल्डरमधील फाइल्सची संख्या आणि हॅश जुळवून पाहिले, आणि रूपांतरित केलेला कंटेनर काढून टाकला. हार्ड डिस्कवरच्या जुन्या प्रती त्यांवर दुसरा डेटा लिहून पुसल्या. एका एसएसडीवरही एक प्रत होती. तिथे असे पुसणे भरवशाचे नसते, कारण ड्राइव्ह नवा मजकूर त्याच जागी लिहीलच असे नाही, म्हणून त्या ड्राइव्हमधील स्वतःची संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरली.

शेवटी राहिली ती २०१२ साली लिहिलेली डीव्हीडी. कंटेनर चार जीबीचाच का केला होता, हे तिच्यामुळे आठवले. तो एका डीव्हीडीत मावावा एवढाच हेतू होता. ती पुसता येत नव्हती. मी ती अजून वाचता येते का ते आधी पाहिले. येत होती, बारा वर्षांहून अधिक काळानंतरही, एकही चूक न होता. मग कात्री घेतली आणि तिचे चार तुकडे केले.