कोपराची बाहेरची गाठ

लालबागला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे पाचला कणीक मळते, त्यानंतर आठ-साडेआठपर्यंत लाटणं हातातून सुटत नाही. गेल्या पावसाळ्यात उजवं कोपर दुखायला लागलं. तवा उचलला की कळ, ओलं फडकं पिळलं की कळ, पुढे पुढे तर चहाचा कप उचलतानाही. एका दवाखान्यात सांगितलं, ‘सांधा झिजलाय, वय झालं.’ मी 51 वर्षांची. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, कारण याच हातावर घर चालतं.

पुढे फिजिओथेरपी करणाऱ्या एका मुलीने माझंच कोपर मला दाखवलं. हात काटकोनात वाकवायला लावून तीन बोटं ठेवली: एक मागच्या टोकावर, एक आतल्या गाठीवर, एक बाहेरच्या गाठीवर. त्रिकोण झाला. हात सरळ केला, तर तिन्ही बोटं एका रेषेत आली. कोपर निखळलं की हा त्रिकोण बिघडतो, म्हणून डॉक्टर तो चाचपून बघतात म्हणे. तुम्हीही करून बघा, आत्ताच.

आतली आणि बाहेरची गाठ दंडाच्या हाडाची. त्यांना एपिकॉन्डाइल म्हणतात. मी त्यांना खुंट्या म्हणते, कारण काम तेच आहे. सांधा दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे अस्थिबंध तिथूनच निघतात. आतल्या खुंटीला मनगट आणि बोटं तळहाताकडे वळवणारे स्नायू बांधलेले, बाहेरच्या खुंटीला ती मागे उचलणारे. म्हणजे राबतं मनगट आणि ताण येतो कोपरावर! हे कळलं तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं. सांधा शाबूत होता. बाहेरच्या गाठीवर बोट दाबलं की मी ओरडायचे, दुखणं नेमकं तिथे होतं.

लाटणं घट्ट धरताना मनगट खाली पडू नये म्हणून मागचे स्नायू सतत ताणलेले असतात. त्यातल्या एकाचं, एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिसचं, मूळ त्या गाठीपाशी रोजच्या ओढीने खराब होतं. यालाच टेनिस एल्बो म्हणतात. 2004 मध्ये सचिनला झाला तेव्हा हा शब्द मुंबईत घरोघरी पोचला, 2005 मध्ये त्याची शस्त्रक्रियाही झाली. पण टेनिस किंवा क्रिकेट न खेळणाऱ्यांनाच हे जास्त होतं. शिंपी, सुतार, रंगारी, आणि आम्ही पोळ्या लाटणाऱ्या.

स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का, असं मी त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला विचारलं होतं. सुरुवातीला छान वाटतं, पण नंतर दुखणं उलटण्याची शक्यता वाढते, असं तिने स्पष्ट सांगितलं. मी व्यायाम धरला. हात टेबलावर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने मनगट वर करून द्यायचं आणि उजव्याने सावकाश खाली सोडायचं. शिवाय जड भांडं उचलताना तळवा वर ठेवायचा, म्हणजे भार आतल्या खुंटीच्या स्नायूंवर जातो. कणीक मळायला आता एक बाई ठेवली आहे. बरं वाटायला पाच महिने लागले. घाई करून हे बरं होत नाही, हे मी प्रत्येकीला सांगते.

आतल्या गाठीच्या मागून एक नस जाते. कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या तिच्यामुळे.

आमच्या चाळीतला बारा वर्षांचा मुलगा शिवाजी पार्कला रोज बोलिंग टाकतो. परवा कोपराची आतली बाजू धरून बसला होता. आई म्हणाली, मलम लावलंय. मी तिला तसंच डॉक्टरकडे पिटाळलं. या वयात ती गाठ दंडाच्या हाडाशी पुरती जुळलेली नसते, मध्ये वाढीची कूर्चा असते आणि फेकण्याच्या ओढीने तिथे इजा होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, सध्या बोलिंग बंद केली आहे. मुलगा रुसलाय माझ्यावर. मी त्याला रोज संध्याकाळी एक गरम पोळी तूप-साखर लावून देते.